जुनं कौलारू घर आणि आवारातलं लाकूड : कुठे काय वापरलं आणि का

आगरातला

मागे भटकंतीच्या धाग्यावर दापोलीच्या घराचे दोन फोटो टाकले, तेव्हापासून विपूत (विचारपुशीच्या निरोपांत) तोच विषय चालू आहे. लाकूड कुठून आणलं, परवानगी काढली का, सुतार अजून मिळतो का, वाळवीचं काय केलं. प्रत्येकाला वेगळं लिहीत बसण्यापेक्षा हा धागा काढतो. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी भर घालावी, चुकत असेल तिथे कान धरावा.

घर चौपाखी, म्हणजे चार उतारांच्या छपराचं. जांभ्याचं जोतं, चिऱ्याच्या भिंती, पुढे ओटी आणि पडवी, आत माजघर आणि देवघर, मागे स्वयंपाकघर, वर माळा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरलं. आमच्या अंगाला पश्चिमेकडची कौलं उडाली, आवारातली झाडं आडवी झाली आणि उघडे वासे सगळा पावसाळा ताडपत्रीखाली राहिले. चुलत्यांचं मत सरळ होतं : पाडा आणि स्लॅब टाका. त्यांना नावं ठेवत नाही. मुंबईत राहून दर मे महिन्यात कौलं चाळायला माणूस शोधणं काय असतं, ते ज्याने केलंय त्याला विचारा.

पण आवारात एक थोरला फणस पडला होता, वरच्या बांधावर आईन, आणि पोफळी तर किती ते विचारू नका. त्या वेळी गावागावांत इतकी झाडं पडली होती की जळाऊ म्हणूनही कुणी हात लावत नव्हतं. उचलून न्यायचेच उलटे पैसे मागत होते. मग आमच्या सुतारांना बोलावलं. त्यांना सगळा गाव अण्णा म्हणतो.

पुढचं लिहिण्याआधी एक सांगून टाकतो. लाकूड आपल्या आवारातलं आहे एवढ्याने घर टिकत नाही. कुठलं लाकूड कुठे बसवलं यावर सगळं आहे. आणि त्याच्याही आधी, काय बदलायचंच नाही ते ठरवावं लागतं. आमच्या घरात निम्म्याहून जास्त लाकूड जुनंच परत चढलं.

अण्णांनी पहिल्या फेरीत हातात मापाची पट्टीसुद्धा घेतली नाही. वाकस (सुताराची तासणी) उलटा धरून दांड्याने एकेक वासा, एकेक लग (भिंतीवर टेकणारी आडवी तुळई) ठोकत गेले. खणखणीत वाजलं की पुढे. भद्द वाजलं की खिशातला टोच्या काढून तिथे खुपसायचा आणि किती आत जातो ते बघायचं. माजघरावरची एक लग बाहेरून पार गेल्यासारखी दिसत होती, सगळीकडे भोकं आणि खाली पिठासारखा भुसा. त्यांनी वाकसाने वरचा पांढरा भाग बोटभर तासून काढला आणि आत काळसर, तेलकट नार, म्हणजे गाभ्याचं पक्कं लाकूड, निघाला. त्यावर टोच्याचा ओरखडाही उठेना. "किड्याने त्याचं ते खाल्लं, तुझं तुला ठेवलंय," म्हणाले. ती लग आज तशीच वर आहे, जाडीने थोडी कमी. पण त्याच लगीचं भिंतीत गेलेलं टोक मात्र हाताने चुरा होत होतं. ते कापून तिथे आईनाचा जोड दिला.

आता कुठे काय ते. भाल (वासे ज्यावर टेकतात ते आडवं लाकूड) आणि ज्या दोन लगी खरंच बदलाव्या लागल्या, त्या आईनाच्या. आईन वजनाला भारी, घनफुटाला पंचवीस किलोच्या आसपास. साग त्याच मापात अठरा-एकोणीस भरेल. ओला असतानाच तासून, कुसू (खाचेत बसणारं टोक) काढून, खाचा पाडून घ्यायचा. एकदा वाळला की खिळा वाकेल पण आत जाणार नाही. आणि वाळताना टोकांना तडे जातात, म्हणून कापल्या दिवशीच टोकांना जाड ऑइलपेंट थापला. पूर्वी शेणमाती थापायचे. आईन घेताना आणखी एक बघावं. आमच्याकडे राबासाठी (भातरोपांची जागा भाजायला) वर्षानुवर्षं कवळ (पाल्याच्या फांद्या) तोडतात, त्यामुळे बांधावरचे आईन-किंजळ खुंटून खुंटून वाढलेले असतात. वरून बुंधा धडधाकट दिसतो आणि चिरायला घेतला की जुन्या तोडीच्या जागी आत पोकळ निघतो. आमच्या आईनाचा वरचा तिसरा हिस्सा असाच वाया गेला.

पडवीचे खांब आणि दारांच्या फळ्या फणसाच्या. फणस तासायला मऊसूत आणि नार असेल तर वाळवी त्याच्या वाटेला फार जात नाही. ताजा कापलेला पिवळाधमक असतो, दोन पावसाळ्यांत तपकिरी होत जातो, त्यामुळे जुन्या खांबांशेजारी नवे आता उठून दिसत नाहीत. रिपा (कौलांखालच्या आडव्या पट्ट्या) पोफळीच्या. कपाटाचे खण शिवणीचे, कारण शिवण फुगत नाही आणि पावसाळ्यात खण अडकत नाही. रायवळ आंब्याच्याही फळ्या निघाल्या, त्या फक्त पाळणी आणि मांडणीला वापरल्या. आंबा छपरात घालायचा नाही. किड्याला आवतण आहे ते.

उंबरठ्याला हात लावू दिला नाही, आईचा हुकूम. तो शिसवी आहे आणि मधोमध पावलांनी खोलगट झालाय.

वासे काही कमी पडले. ते आवारात होणारे नव्हते. शेजारच्या वाडीत एक घर उतरवत होते, त्यांच्याकडून जुने किंजळीचे वासे घेतले. हा मार्ग लोक विसरतात. आज कोकणात घरं पडताहेत आणि शंभर वर्षं वाळलेलं लाकूड जळणाच्या भावात जातंय.

परवानगीचं आणि वाळवीचं प्रतिसादांत लिहितो, हे आधीच लांबलंय.

मंडणगडची

मस्त धागा! आमच्याकडेही निसर्गमध्ये फणस पडला होता, वडिलांनी तो आहे तिथेच ठेवला आणि दुसऱ्या वर्षी त्यावर अळंबी आली. :(

ओंडका चिरला कुठे? आणि वाळवला कसा? आमच्या सुताराचं म्हणणं, ओलं असतानाच दारं करून टाका, घराघरात वाळतात.

आगरातला

@मंडणगडची, चौकटी आणि खांब ओलसर चालतात, दारं अजिबात नाहीत. ओल्या लाकडाचं दार उन्हाळ्यात आखडतं आणि फटींतून बाहेरचं सगळं दिसतं.

सॉ मिलवर चिरून आणला. फळ्या गोठ्यात रचल्या. जमिनीपासून चिऱ्यावर हातभर उंच, प्रत्येक थराच्या मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या, पट्ट्या एकाखाली एक ओळंब्यात. पट्ट्या पुढेमागे झाल्या की फळी तिथे वाकते. वर जुन्या चिऱ्यांचं वजन. ऊन नको, वारा हवा. फळीच्या जाडीच्या इंचाला एक वर्ष असा जुना हिशोब आहे. आम्ही दारांना साधारण तो पाळला, म्हणून दारं सगळ्यात शेवटी झाली आणि मधल्या काळात माजघराला गोणपाटाचा पडदा होता.

पुण्याचा_पम्या

फोटो सुंदर आहेत, वादच नाही. पण जरा रोखठोक विचारतो. एमएसचे (लोखंडी) पाइप वेल्ड करून वर तीच मंगलोरी कौलं घातली तर खालून फॉल्स सीलिंगला लाकडी पट्ट्या मारता येतात. दिसतं तसंच. वाळवी नाही, भुंगा नाही, पंधरा दिवसांत काम हातावेगळं. माझ्या सासुरवाडीला गुहागरात असंच केलंय. तुमच्या पद्धतीने करायला माणसाला नोकरी नसावी लागते किंवा भरपूर पेन्शन असावी लागते. भावना वेगळी, हिशोब वेगळा.

सुतारपक्षी

पम्या, गुहागरात समुद्रापासून किती लांब? पाच-सात वर्षांनी वेल्डिंगच्या सांध्याला रंगाखाली बोट घालून बघा आणि मग पुन्हा लिहा. लोखंड वाईट असं म्हणत नाही, पण खाऱ्या वाऱ्यात त्याची देखभाल लाकडापेक्षा कमी नाही. पाइपच्या आत गंज लागला तर तो दिसतही नाही.

असो. मी आयुष्य लाकडाच्या धंद्यात घालवलं, आता निवृत्त आहे, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

लोक वाळवी आणि किडा एकच समजतात. वाळवी जमिनीतून येते, मातीच्या नळ्या करत भिंतीवरून चढते, तिला ओल लागते. जोत्यात आणि भिंतीच्या पायाशी औषध सोडलं, नळ्या मोडत राहिलं, भिंत कोरडी ठेवली की तिचा बंदोबस्त होतो. भुसा पाडणारा किडा वेगळा. तो उडत येतो, कोरड्या लाकडात अंडी घालतो आणि लाकडातल्या पिठूळ अंशावर, म्हणजे स्टार्चवर जगतो. हा स्टार्च बाहेरच्या पांढऱ्या लाकडात असतो, नारात जवळजवळ नाही. धागाकर्त्याच्या लगीचं तेच झालं. जमिनीत कितीही औषध ओता, या किड्याला त्याचा पत्ताही लागत नाही. आणि तिसरा तो काळा मोठा भुंगा, गुणगुणत येऊन वाशाला बोटभर भोक पाडणारा. तो लाकूड खात नाही, घर करतो. भोक बुजवून तेल लावत राहिलं की जातो.

यावरूनच जुन्या चालीरीती समजतात. पोफळ, माड, बांबू कापून वहाळात (ओढ्यात) किंवा खाडीच्या चिखलात बुडवून ठेवायचे, ते यासाठीच. पाण्यात स्टार्च धुऊन जातो. वास सुटतो त्याला इलाज नाही. हल्ली बोरिक अॅसिड आणि बोरॅक्सच्या पाण्यात बुडवतात, तेही चांगलं, पण हे मीठ पाण्यात विरघळतं. त्यामुळे छपराखाली ठीक, वळचणीच्या टोकाला पाऊस लागतो तिथे धुऊन जाणार.

अंधाऱ्या पक्षात तोडावं की नाही यावर इथे पूर्वी वीस पानी भांडण झालंय, परत नको. माझा अनुभव एवढाच की तिथीपेक्षा ऋतू महत्त्वाचा. थंडीत, रस उतरल्यावर तोडलेला बांबू आणि भर पावसात कोवळा कोंब फुटताना तोडलेला बांबू, यातला फरक आंधळ्यालाही कळेल. वादळ काही तिथी बघून येत नाही. जूनमध्ये पडलेल्या झाडाला किड लागण्याचा धोका जास्तच, म्हणून पांढरं लाकूड निर्दयपणे काढून टाकायचं.

साग साग करणाऱ्यांसाठी : जुन्या घरातला साग आणि आजच्या लागवडीतला वीस-पंचवीस वर्षांचा साग यांचं फक्त नाव एक आहे. कोवळ्या सागात पांढरं लाकूडच जास्त. त्यापेक्षा पोक्त फणस घ्या.

वेंगुर्ल्याचो_झील

माका एक सांगा, वखारवाल्यान आईन म्हणान किंजळ नाय ना दिल्यान? आमच्याकडे सर्रास चलता ह्या.

आगरातला

@वेंगुर्ल्याचो_झील, वखारीतून घेतलंच नाही. :) आईन आपल्या बांधावरचा, सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल डोळ्यांसमोर होती. वखारीत सोललेला ओंडका बघून मला तरी ओळखता येणार नाही. अण्णा ओळखतात, आतला रंग आणि काळ्या रेघा बघून.

@पम्या, हिशोबाचं बोलू या. आमच्या खर्चात लाकडाचा वाटा सगळ्यात लहान. चिराई आणि वाहतूक त्याहून थोडी जास्त. बाकी सगळी मजुरी. सुतार, गवंडी, कौलं उतरवणारे आणि चढवणारे. म्हणजे लोखंड घेतलं असतं तर सामानाला जास्त गेले असते आणि मजुरीत वाचले असते. बेरीज फार वेगळी आली नसती असं मला वाटतं, वेळ मात्र वाचला असता. तो मुद्दा मान्य. एक फरक असा की आमची मजुरी वाडीतच राहिली.

सातबारावाला

परवानगीबद्दल कुणीच बोलत नाहीये, म्हणून मी लिहितो.

खाजगी जमिनीतल्या झाडांना १९६४ चा महाराष्ट्राचा झाडे तोडण्याबाबतचा विनियमन कायदा लागतो. त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, आईन, किंजळ, जांभूळ, खैर, हिरडा, चिंच, मोह ही झाडं आहेत. म्हणजे या धाग्यात ज्यांची नावं आली त्यातली बहुतेक. 'माझ्या आजोबांनी लावलेला फणस' असला तरी परवानगी लागते. माड आणि पोफळ त्या यादीत नाहीत. बांबूचं म्हणाल तर भारतीय वन कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि तो 'वृक्ष' या व्याख्येतून वगळला गेला.

अर्जाच्या वेळी खरा घोळ वेगळाच होतो. सातबारावर आजोबा, त्यांचे तीन भाऊ, त्यांची मुलं, लग्न होऊन गेलेल्या आत्या. सामाईक क्षेत्रातलं झाड म्हणजे सगळ्यांची संमती. ज्याला घराशी काही घेणंदेणं नाही तो चुलतभाऊ नेमका याच वेळी जागा होतो. घराचं काम काढण्याआधी हा कागद हातात घ्या, सुतार नंतर.

आणि सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्यांनी जास्त जपून. तिथे वृक्षतोडीवर उच्च न्यायालयाची बंदी २०१३ पासूनची आहे. त्या भागात जुनं उतरवलेलं लाकूड हाच सरळ रस्ता.

आगरातला

धन्यवाद, अगदी नेमकं लिहिलंत. आम्ही पडलेल्या झाडांचाही पंचनामा करून घेतला आणि वनखात्याकडे अर्ज दिला. सॉ मिल दुसऱ्या गावात, म्हणजे ओंडका रस्त्यावर येणार, त्यासाठी वाहतुकीचा पास वेगळा. लोक म्हणत होते, एवढं कोण बघतंय. पण ट्रॅक्टर रस्त्यात अडवून ठेवला तर ट्रॅक्टरवाल्याचं भाडं चालूच राहतं.

आत्यांच्या सह्यांचं विचारू नका. एका आत्याने सही करताना अट घातली की देवघराची जागा हलवायची नाही. हलवली नाही.

चिऱ्याची_भिंत

स्थापत्य अभियंता आहे, कोकणातच काम करतो. लाकडाचं सुतारपक्ष्यांनी लिहिलंय, मी भिंतीकडून लिहितो.

लाकूड कुजतं ते जास्त करून जिथे ते भिंतीला भेटतं तिथे. लग भिंतीत घालून चारी बाजूंनी सिमेंटने पॅक केली की ते टोक कायमचं ओलं. चिरा पाणी पितो, त्याला ते वाऱ्यावर सोडून द्यायचं असतं. बाहेरून सिमेंट प्लास्टर केलं की ओल आत कोंडते आणि लाकडाचं टोक ती शोषत बसतं. मी बघितलेल्या कुजलेल्या लगींपैकी बहुतेक अशा घरांतल्या, जिथे कुणीतरी मधल्या काळात हौसेने प्लास्टर केलं होतं. तेव्हा :

चुन्यातच काम करा. लगीच्या टोकाभोवती बोटभर पोकळी सोडा, टोक चिऱ्यावर टेकवताना खाली सपाट काळा दगड किंवा फणसाची पाट घाला. खांब जमिनीत पुरू नका, तळखड्यावर (खांबाखालच्या दगडावर) ठेवा. आत लाद्या घालायच्या असतील तर खाली काँक्रीटचा जाड थर देण्याआधी दोनदा विचार करा. जमिनीतली ओल वर यायचं बंद झालं की ती बाजूला भिंतीत चढते.

दुसरं, वारा. निसर्गमध्ये आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्तेमध्ये बघितलं ते असं की छप्पर वजनाने खाली बसत नाही, वाऱ्याने वर उचललं जातं. वळचण जितकी लांब तितका वारा खालून जास्त पकडतो. वासे भालीला, भाल भिंतीला धरून राहिली पाहिजे. पूर्वी लाकडी खुंट्या होत्या, त्या असू द्या, पण जोडीला गॅल्व्हनाइज्ड पट्ट्या मारा. कडेच्या दोन-तीन ओळींची कौलं आणि कोन्याची (आढ्यावरची) कौलं तारेने रिपेला बांधा. मंगलोरी कौलाला मागे त्यासाठी भोकाचा कान असतो, तो कुणी वापरतच नाही. उतार तीस अंशांच्या खाली नेऊ नका. कुणी 'बंगल्यासारखं दिसावं' म्हणून चपटं छप्पर करतात आणि मग जुलैत माळ्यावर पातेली मांडतात.

पेडण्याची

आमच्या घराचं काम झालं तेव्हा हेच. गोव्यात आईनाला माट्टी म्हणतात आणि तो राज्यवृक्ष आहे, त्यामुळे त्याला हात लावताना सगळे दहा वेळा विचार करतात. आम्ही जुनंच लाकूड परत वापरलं, नवीन फक्त फणस. नूतनीकरणवाल्यांनी सगळ्याला चकचकीत पॉलिश मारायचा आग्रह धरला होता. मी नको म्हटलं. पॉलिशचा थर पावसाळ्यात फुगून पापुद्रे सुटतात. तुम्ही कुठलं तेल लावलंत?

आगरातला

@पेडण्याची, आतल्या लाकडाला उकळलेलं जवसाचं तेल, टर्पेंटाइन घालून पातळ करून, कापडाने चोळून. पहिल्या हाताला लाकूड पितच राहतं. तिसऱ्या हाताला हात आखडता घेतं.

वाशांच्या वरच्या अंगाला आणि भिंतीत जाणाऱ्या टोकांना काजूच्या टरफलाचं तेल. काळं, उग्र, आणि कातडीला लागलं तर फोड येतात, तेव्हा हातमोजे आणि लांब बाह्या. घरात राहायला जाण्याच्या बऱ्याच आधी लावा, वास लवकर जात नाही. होड्यांना लावतात तेच. देवघरात आणि हात लागेल अशा ठिकाणी लावू नका.

मंडणगडची

पोफळीच्या रिपांबद्दल लिहा ना. आमच्याकडे आता सगळे सागाच्या किंवा कसल्यातरी जंगली लाकडाच्या रेडीमेड रिपा आणतात.

आगरातला

हो, राहिलंच. पोफळ जुनी पाहिजे, शेंड्याकडचा भाग टाकायचा. बुंध्याकडून उभी फोडायची, पाचरी ठोकत ठोकत. बाहेरचा कडक भाग दीड-दोन बोटं जाड असतो, आतला भेंड भुसभुशीत. तो कोयत्याने खरवडून पूर्ण काढायचा, थोडा राहिला तरी किडा तिथून सुरुवात करतो. मग वहाळात दगडाखाली दाबून ठेवल्या. बाहेर काढल्यावर सावलीत वाळवल्या. सरळ करण्याचा त्रास आहे, प्रत्येक रिपेला थोडा बाक असतो, आणि कौल बसवणारे कुरकुरतात. खिळा मारण्याआधी गिरमिटाने भोक पाडावं लागतं, नाहीतर टोकापर्यंत उभी फाटते. पण एकदा बसली की तिच्यावर माणूस उभा राहिला तरी फक्त लवते.

जिथे छप्पर खालून दिसतं, म्हणजे पडवीत, तिथे चुलत्यांच्या आग्रहाने चौरस सागवानी रिपा घातल्या. दिसायला बऱ्या आहेत.

क्योतोतला_कोकण्या

इथे जुन्या लाकडी घरांमध्ये खांबाचा तळ कुजला की खांब बदलत नाहीत. कुजलेला भाग कापतात आणि खालून नवा तुकडा जोडतात, त्याला 'नेत्सुगी' म्हणतात. त्यासाठी 'कानावा-त्सुगी' नावाचा एक सांधा वापरतात. वरचा आणि खालचा तुकडा हुबेहूब सारखाच कापलेला, एकमेकांत बाजूने सरकवायचे आणि मधल्या चौकोनी भोकात पाचर ठोकायची. पाचर दोघांना घट्ट करते. खिळा नाही, सरस नाही. तुमच्या पडवीच्या खांबांना काय केलं? पूर्ण बदलले का?

आगरातला

@क्योतोतला_कोकण्या, दोन पूर्ण बदलले, बाकीच्यांचे तळ. तुमचा प्रतिसाद अण्णांना वाचून दाखवला, चित्रही दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, पाचर मधून मारतात ते चांगलं आहे, आम्ही दोन्ही अंगांनी मारतो. आमचा सांधा तिरपा, हातभर लांब, दोन्ही टोकांना अटकाव आणि आडव्या फणसाच्याच खुंट्या. सांधा पावसाच्या शितोड्यांच्या वर येईल इतका उंच घेतला. जोडाची फट आतल्या बाजूला ठेवली, म्हणजे पागोळ्यांचं पाणी उडालं तरी थेट आत शिरणार नाही.

निळा_बगळा

अवांतर : आमच्या कौलांवर 'बासेल मिशन १८६५' असा शिक्का आहे. म्हणजे घर दीडशे वर्षांहून जुनं धरायचं ना?

चिऱ्याची_भिंत

नाही हो. १८६५ हे मंगळूरच्या त्या कारखान्याचं स्थापनेचं साल आहे, ते नंतरच्याही कौलांवर छापत राहिले. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन-स्विस मिशनची ही मालमत्ता कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेली, त्या नावाचीही कौलं सापडतात. शिक्क्यावरून फार तर कौल कुणाचं ते कळतं. घराचं वय शोधायचं तर गावच्या जुन्या घरपट्टीच्या नोंदी बघा. शिवाय कौलं एका घरावरून दुसऱ्यावर जात असतात, घराच्या आधीचीही असू शकतात.

कौलं फेकू नका मात्र. जुन्यांची जाडी आणि भाजणी चांगली असते. बोटाने वाजवून घ्या, फुटकं बद्द बोलतं.

पुण्याचा_पम्या

सासऱ्यांना धागा वाचायला दिला. त्यांनी आज सकाळी पाइपच्या सांध्याचा फोटो पाठवलाय. सुतारपक्षीकाका, तुमच्यासाठी विपूत टाकलाय, इथे टाकत नाही. :)

मागच्या पडवीला आता लाकूड घालायचं म्हणताहेत. फणस आहे आवारात, उभा आहे, पण म्हातारा झालाय, फळ धरत नाही. तोडायचा का? आणि कौलं किती लागतील? पडवी तीस बाय आठ.

सुतारपक्षी

फोटो बघितला. काही बोलत नाही.

फणसाला आधी गिरमीट लावा, छातीच्या उंचीवर, बारीक भोक, आतला भुसा हातावर घेऊन बघा. पिवळा-तपकिरी, कोरडा आला तर नार आहे. काळा, ओला, आंबूस वासाचा आला तर आतून गेलाय, मग तोडून उपयोग नाही, उभा राहू द्या. चिरताना मधली मज्जा एका फळीत येणार नाही असं बघा. ती मध्ये आली की फळी फाटणारच. आणि परवानगी आधी.

आगरातला

@पम्या, मंगलोरी कौलं चौरस मीटरला साधारण पंधरा बसतात. तीस बाय आठ हे जमिनीचं माप, उतारावर आणि वळचणीला धरून छप्पर तीनशे चौरस फुटांच्या पुढे जाईल. फूटतूट धरून साडेचारशे-पाचशे सांगा, आणि कोन्याची वेगळी. रिपांमधलं अंतर कागदावरून घेऊ नका, आणलेली कौलं दोन-चार एकावर एक लावून मग मापा. प्रत्येक कारखान्याचं थोडं वेगळं असतं, आणि जुनी-नवी मिसळणार असाल तर एका पाख्यावर एकाच मापाची घाला.

अण्णांचा नंबर विपूत देतो. गणपती होईपर्यंत ते कुणाचं काम घेत नाहीत. नंतर फोन करा, आणि फणस वाळायला ठेवायला आत्तापासून कोरडी जागा बघून ठेवा.